मोबाइलला कीबोर्ड जोडावा का?

प्रश्न : डिचोलीहून पणजीला रोज कदंबाच्या बसने येतो-जातो. मंडळाच्या स्मरणिकेचं टायपिंग मोबाइलवर करून अंगठा भरून येतो. घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड घ्यावा का? मराठी उमटेल ना? — एक वाचक, डिचोली

उत्तर : बससाठी घेत असाल तर नको. घडीचा कीबोर्ड मांडीवर बिजागरीपाशी वाकतो, आणि फोन धरायला तिसरा हात कुठून आणणार? खाली परीक्षेचं पॅड घेतलं तर थोडंफार भागतं. टेबलावर मात्र लांब मजकुराला तो सोन्यासारखा.

पैसे घालण्याआधी संगणकाचा साधा वायरवाला कीबोर्ड ओटीजी अडॅप्टरने (फोनच्या चार्जिंगच्या भोकात यूएसबी वायर लावता येणारा छोटा जोड) फोनला लावून पाहा. (रंगीत दिव्यांचा नको, फोनची बॅटरी खातो.) काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं. मराठीचा निकाल इथेच लागतो. कीबोर्ड ‘क’ पाठवत नाही, फक्त बटणाचा क्रमांक पाठवतो. अक्षर फोनमधला लेआउट, म्हणजे कुठल्या बटणाला कुठलं अक्षर याची मांडणी, ठरवतो. त्यामुळे बटणांवर देवनागरी छापलेली आहे म्हणून भुलू नका. कीबोर्ड जोडलेला ठेवून सेटिंगमधल्या ‘फिजिकल कीबोर्ड’मध्ये मराठी किंवा हिंदी लेआउट आहे का बघा. इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाणित लेआउट) मिळाला तर ‘वाऱ्यावर’ लिहून पाहा : ऱ शिफ्ट-जे वर, हलन्त डी वर. ळ शिफ्ट-एन वर. इंग्रजी अक्षरांतून मराठी करणारी सोय स्क्रीनवर चालते म्हणून बाहेरच्या कीबोर्डवर चालेलच असं नाही.

हे जमलं तरच दुकानात जा, खिशात मोजपट्टी घेऊन. क्यूच्या मध्यापासून पीच्या मध्यापर्यंत साधारण 17 सें.मी. भरले तर बटणं पूर्ण मापाची. 15च्या खाली बोटं एकमेकांवर चढतात.

प्रश्न : पावसाळा लागल्यापासून माझ्या ब्लूटूथ कीबोर्डवर अक्षरं दोन-तीनदा उमटतात. — एक वाचक, कळंगुट

उत्तर : एकच बटण असं करतं की कुठलंही? कुठलंही करत असेल तर आधी चार्ज करा, मग वायफाय राउटरपासून लांब बसून बघा. बटण सुटल्याचा संदेश हुकला की फोनला ते दाबलेलंच वाटतं. एकच बटण असेल तर खाली ओल किंवा खारी धूळ. कीबोर्ड बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिळलेला इअरबड बटणाच्या कडेने फिरवा, तासभर वाळू द्या. स्पेसबार उचकटू नका, खालची तार परत बसता बसत नाही. चार्जिंगच्या भोकात हिरवट थर दिसला तर तोच इअरबड तिथे घालू नका, कापूस आत अडकतो. मऊ ब्रश वापरा. पाऊस सरेपर्यंत कीबोर्ड सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवा.