नववी-दहावीच्या मुलांना बातमी लिहायला कशी शिकवावी?
दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात बातमी असते, म्हणून बहुतेक ठिकाणी ती साच्यानेच शिकवतात: शीर्षक, स्थळ, दिनांक, 'आमच्या वार्ताहराकडून', झालं! साचा एक-दोन तासांत येतो. मुलं अडतात ती पहिल्या वाक्याला. हमखास लिहितात, 'दि. १५ ऑगस्ट रोजी सकाळी ठीक ८ वाजता मान्यवरांचे आगमन झाले.' हे इतिवृत्त झालं, म्हणजे घडलं त्या क्रमाने केलेली नोंद; बातमी नव्हे. मान्यवर काय, येतच असतात. त्यांनी शाळेला प्रयोगशाळा जाहीर केली असेल तर ती आधी यायला हवी.

सरावाला स्नेहसंमेलन नको. उशिरा येणारी एसटी द्या. स्थानकावर वाहतूक नियंत्रकाला विचारायचं, उत्तर त्याच्याच शब्दांत टिपायचं. कुणी 'प्रवाशांमध्ये तीव्र संताप' लिहिलं की विचारा, किती जणांशी बोललास?

मग बातमी खालून एकेक परिच्छेद कापायला लावा. जागा कमी पडली की उपसंपादकही तसंच करतात. वरचे दोन परिच्छेद उरले तरी काय घडलं ते कळलं, तर रचना जमली. आणि 'मोलाचे मार्गदर्शन केले' या शब्दांवर वर्गात सरळ बंदी घाला. पाहुणे नेमकं काय बोलले, ते लिहू द्या.