नामाचं प्रिपोझिशन क्रियापदाला चिकटतं, खरी गोची तिथे आहे

तुमच्या पोस्टमधली तक्रार फार ओळखीची आहे. इंग्रजीत कोणत्या शब्दामागे कोणतं प्रिपोझिशन (इन, ऑन, टू, फॉर असले जोडशब्द) लागतं याची यादी तीन महिने रोज पाठ केली, साडेचारशे शब्द झाले, आणि ऑफिसच्या मेलमध्ये 'लेट अस डिस्कस अबाउट द बजेट' लिहिलं तर साहेबांनी 'अबाउट'वर काट मारली. वर तुम्ही म्हणता, "यादीत डिस्कस नव्हताच!" नसणारच. त्या याद्यांमध्ये प्रिपोझिशन घेणारे शब्द असतात. न घेणारे कोण छापणार? आणि मराठी माणूस निम्म्या वेळा नेमका तिथेच पडतो.

वेळ आणि जागेचं इन, ऑन, अॅट तुम्हाला येतं असं धरून चालतो. ते सोडून फक्त शब्दाला बांधलेल्या प्रिपोझिशनबद्दल लिहितो. मी शिक्षक नाही, भाषाशास्त्राची पदवीही नाही. पटेल ते घ्या.

आधी ज्याने माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते सांगतो: विभक्तीचा तक्ता. 'ने' म्हणजे बाय, 'ला' म्हणजे टू, 'शी' म्हणजे विथ, 'हून' म्हणजे फ्रॉम, 'चा' म्हणजे ऑफ, 'त' म्हणजे इन, 'वर' म्हणजे ऑन. एका क्लासने पहिल्याच दिवशी हा कागद हातात ठेवला होता. नाव घेत नाही, पण त्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स अजून फिरताहेत. तो कागद डोक्यातून काढायला यादी पाठ करण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

तक्ता का फसतो ते एका 'वर'वरच तपासा. 'वर अवलंबून' म्हणजे डिपेंडंट ऑन, 'वर परिणाम' म्हणजे इफेक्ट ऑन, 'वर बंदी' म्हणजे बॅन ऑन. तीन जमले म्हणून आपण खूश. मग येतात: राग, अँग्री विथ. विश्वास, फेथ इन. प्रेम, लव्ह फॉर. उपाय, सोल्यूशन टू. टीका, क्रिटिसिझम ऑफ. ताबा, कंट्रोल ओव्हर. नवात तीन बरोबर, हा काही नियम नव्हे. 'शी'चं तसंच. सहमत असेल तर विथ, सुसंगत असेल तर कन्सिस्टंट विथ. पण एकनिष्ठ म्हटलं की लॉयल टू, संबंधित म्हटलं की रिलेटेड टू, आणि लग्न म्हटलं तर काहीच नाही, 'शी मॅरीड हिम'.

'ला' तर सगळ्यात बेरकी. 'मला सांग' म्हणजे टेल मी. 'मला समजावून सांग' म्हणजे मात्र एक्सप्लेन टू मी. टेल, आस्क, गिव्ह, शो, सेंड यांच्यामागे माणूस थेट येतो. एक्सप्लेन, से, मेन्शन, डिस्क्राइब यांच्यामागे माणूस आणायचा तर टू लागतो. 'सजेस्ट मी अ गुड बुक' हे मराठी मंडळींच्या लेखनात इतकं दिसतं की आता चूक वाटेनासं झालंय. सजेस्ट नंतर थेट वस्तू घ्या: 'कॅन यू सजेस्ट अ गुड बुक'. 'मी' लागतच नाही.

मराठीतही हे असंच मनमानी आहे, फक्त आपल्याला जाणवत नाही. मी त्याला घाबरतो, त्याच्यावर रागावतो, त्याच्याशी भांडतो, त्याचा हेवा करतो. माणूस एकच, प्रत्यय चार. नव्याने मराठी शिकणारा हिंदी भाषक 'उससे पूछो'वरून 'त्याच्याशी विचार' म्हणतो तेव्हा आपल्याला हसू येतं, पण नियम विचारला तर आपल्यालाही सांगता येत नाही. प्रत्यय त्या क्रियापदाच्या मालकीचा असतो, बाकी काही कारण नसतं.

आता मुख्य मुद्दा. 'डिस्कस अबाउट' का होतं? मराठीत ती क्रिया एका शब्दाची नाहीच. आपण 'चर्चा करणे' म्हणतो, म्हणजे नाम अधिक करणे. मागणी करणे, विनंती करणे, भर देणे, हल्ला करणे, भेट देणे, संपर्क साधणे, चौकशी करणे, सगळी तीच घडण. डोक्यात आधी नाम येतं, नामाबरोबर त्याचं प्रिपोझिशन येतं आणि लिहिताना ते तसंच क्रियापदाला चिकटतं. इंग्रजीत मात्र यातली बरीच क्रियापदं सकर्मक आहेत, कर्म थेट घेतात. म्हणून जोडी-जोडीने शिका, सुटा शब्द शिकू नका:

डिस्कस द बजेट, पण अ डिस्कशन अबाउट द बजेट.
डिमांड अ रिफंड, पण अ डिमांड फॉर अ रिफंड.
रिक्वेस्ट लीव्ह, पण अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह.
एम्फसाइझ द पॉइंट, पण एम्फसिस ऑन द पॉइंट.
अटॅक द प्लॅन, पण अॅन अटॅक ऑन द प्लॅन.
व्हिजिट द साइट, पण अ व्हिजिट टू द साइट.
इन्व्हेस्टिगेट द केस, पण अॅन इन्व्हेस्टिगेशन इंटू द केस.
लॅक एक्सपीरियन्स, पण अ लॅक ऑफ एक्सपीरियन्स.
कॉन्टॅक्ट द बँक, पण इन कॉन्टॅक्ट विथ द बँक.
रिझेम्बल हर मदर, पण अ रिझेम्ब्लन्स टू हर मदर.

या दहा जोड्या पक्क्या झाल्या की मेलमधल्या बऱ्याच चुका आपोआप जातील. पण यावरून 'क्रियापदाला कधीच नको' असा नवा तक्ता बनवू नका. रिप्लाय, ऑब्जेक्ट, अपॉलोजाइझ यांना क्रियापद असतानाही लागतंच. आणि कधी प्रिपोझिशन आलं की अर्थच बदलतो: एंटर द रूम, पण एंटर इंटू अॅन अॅग्रीमेंट, अटेंड अ मीटिंग, पण अटेंड टू अ पेशंट.

विशेषण आणि नाम यांच्यातही फारकत असते. प्राउड ऑफ, पण प्राइड इन. फॉन्ड ऑफ, पण फॉन्डनेस फॉर. कॉन्फिडंट ऑफ, पण कॉन्फिडन्स इन. केपेबल ऑफ, पण कपॅसिटी फॉर. डिपेंडंट ऑन, पण इंडिपेंडंट ऑफ. याद्यांत बहुतेकदा यातलं एकच रूप दिलेलं असतं आणि दुसरं आपण अंदाजाने लावतो.

दुसरा खड्डा उलट बाजूचा: लागणारं प्रिपोझिशन गळून पडतं. 'द कंपनी आय अप्लाइड', 'द हाउस आय लिव्ह', 'द प्रॉब्लेम आय अॅम डीलिंग'. यालाही मराठीच जबाबदार. 'मी कंपनीत अर्ज केला' मध्ये त आहे, पण 'मी अर्ज केलेली कंपनी' मध्ये तो त जातो आणि कुणाचं काही अडत नाही. इंग्रजीत तो जात नाही, शेवटी लोंबकळत राहतो: द कंपनी आय अप्लाइड टू, द हाउस आय लिव्ह इन, द प्रॉब्लेम आय अॅम डीलिंग विथ. वाक्य टूवर संपवू नये असं शाळेत कुणी सांगितलं असेल तर ते विसरा.

पाठांतर करायचंच असेल तर वर्णानुक्रमाने करू नका. ए-पासून सुरू झालेली यादी बहुतेकांची सी-पर्यंतच टिकते. अर्थाचे गट करा. अडवणं, रोखणं असेल तर फ्रॉम: प्रिव्हेंट, स्टॉप, प्रोटेक्ट, रिफ्रेन, डिस्करेज. काढून घेणं असेल तर ऑफ: रॉब, डिप्राइव्ह, क्युअर, स्ट्रिप. म्हणून माणसाला रॉब ऑफ, पण वस्तू माणसाकडून स्टील फ्रॉम. पुरवणं, भरणं असेल तर विथ: प्रोव्हाइड, फिल, लोड, इक्विप. दोष किंवा कौतुकाचं कारण असेल तर फॉर: ब्लेम, थँक, पनिश, प्रेझ, फरगिव्ह. आरोप असेल तर ऑफ: अक्यूज, सस्पेक्ट, कन्व्हिक्ट, गिल्टी. कौशल्य असेल तर अॅट: गुड, बॅड, होपलेस. गटातले बंडखोर वेगळे लाल शाईने लिहा: चार्ज मात्र विथ घेतो, काँग्रॅच्युलेट ऑन घेतो. लॅटिनमधून आलेले सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे टू घेतात, दॅन नाही. प्रिफरही टूच.

टूचा एक घोळ आहे, त्यात परीक्षेतले मार्क हमखास जातात. टू दोन जातींचा असतो. ओळखायची युक्ती: टूनंतर एखादं नाम टाकून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू द हॉलिडे' चालतं, म्हणजे हा टू प्रिपोझिशन, म्हणून पुढे क्रियापद आलं तर आयएनजी: लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू. 'वाँट टू द हॉलिडे' चालत नाही, म्हणून वाँट टू मीट. ऑब्जेक्ट टू, कमिटेड टू, अकस्टम्ड टू, विथ अ व्ह्यू टू, सगळे पहिल्या जातीचे. सरकारी पत्रांत 'विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्ह' सर्रास असतं, म्हणून ते बरोबर होत नाही.

आणखी एक: पुढे दॅट आला की प्रिपोझिशन उडतं. अवेअर ऑफ द रिस्क, पण अवेअर दॅट देअर इज अ रिस्क. इन्सिस्ट ऑन पेमेंट, पण इन्सिस्ट दॅट ही पे. 'अवेअर ऑफ दॅट ही लेफ्ट' असं कधीच नाही.

शोधायचं कुठे? इंग्रजी-मराठी शब्दकोश या कामाला निरुपयोगी, तो फक्त अर्थ देतो. लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, वापरा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, तिन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. अर्थ वाचू नका, उदाहरणाच्या आधीची ठळक अक्षरं वाचा. 'समथिंग' थेट क्रियापदाला लागून असेल तर मध्ये काही घालायचं नाही. डिस्कसखाली तर 'अबाउट' लावू नका अशी सूचनाच सापडेल.

दोन प्रिपोझिशन्समध्ये अडलात तर गूगल बुक्सचा एनग्रॅम व्ह्यूअर उघडा, छापील पुस्तकांत कोणते शब्द किती वेळा येतात ते तो दाखवतो. 'इंटरेस्टेड' लिहून एक जागा सोडून तारांकन टाका, पुढे सर्वाधिक येणारे दहा शब्द आलेखात दिसतात. पण आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. 'मॅरीड विथ'ही भरपूर सापडेल, कारण 'मॅरीड विथ टू चिल्ड्रन' म्हणजे विवाहित, दोन मुलं असलेला. तिथे लग्न मुलांशी लागलेलं नाही! 'गुड इन अ क्रायसिस'ही बरोबर आहे, पण त्यामुळे 'गुड इन मॅथ्स' बरोबर ठरत नाही. चार-पाच वाक्यं उघडून वाचायचीच.

सवय लावण्यासाठी आठवड्याला दहाच शब्द घ्या, आणि तेही स्वतःच्या चुकलेल्या मेलमधून. प्रत्येकाची तीन वाक्यं लिहा: साधं, प्रश्न, आणि 'ज्या' वालं. 'आय अॅम वेटिंग फॉर द बस', 'व्हॉट आर यू वेटिंग फॉर', 'द बस आय वॉज वेटिंग फॉर'. तिसरं वाक्य टाळू नका, गळती तिथेच उघडी पडते. शिवाय पेपरमधला दोनशे शब्दांचा परिच्छेद कॉपी करा, सगळी प्रिपोझिशन्स खोडून जागा मोकळ्या ठेवा आणि दोन दिवसांनी भरा. त्याच दिवशी भरलंत तर ती फक्त आठवण असते.

नुसतं इंग्रजी ऐकून हे येत नाही, कुणी काहीही म्हणो. बोलताना प्रिपोझिशनवर जोर नसतो. फॉरचा 'फ' होतो, टूचा 'ट', ऑफचा 'अव', आणि कान ते गाळतो. मालिका बघायच्याच तर इंग्रजी सबटायटल लावून.

परीक्षेबद्दल स्पष्टच बोलतो. क्लासेसच्या उत्तरतालिका छापताना शब्दकोश कुणी उघडत नाही. 'डाय'ला ऑफ आणि फ्रॉम दोन्ही चालतात असं लर्नर्स डिक्शनरी देते, तालिका फक्त एकच बरोबर धरते. 'कंप्राइज्ड ऑफ' डिक्शनरीत आहे, तालिकेत चूक आहे. दोन प्रश्नांबद्दल एका प्रकाशनाला डिक्शनरीतल्या नोंदीसह लिहिलं होतं, तर "पुस्तकात आहे तेच उत्तर ग्राह्य" एवढंच आलं. वाद घालण्यात अर्थ नाही. परीक्षेपुरतं जुनं वळण धरा: रोगाने डाय ऑफ, डिफरंट फ्रॉम, माणसाबाबत अँग्री विथ, प्रस्तावाला अग्री टू, माणसाशी अग्री विथ. ऑफिसच्या मेलमध्ये मात्र डिक्शनरी मानते ते सगळं लिहा. अमेरिकन क्लायंट 'मीट विथ' लिहीत असेल तर त्याला दुरुस्त करायला जाऊ नका, तिकडे ते बरोबर आहे.

जाता जाता, तुमच्या पोस्टच्या शेवटी 'अवेटिंग फॉर युवर रिप्लाइज' लिहिलंय. वेटला फॉर लागतो, अवेटला नाही. पहिल्या आठवड्याच्या दहांत ही जोडी घ्या.