नवा कूलर बसवल्यावर तापमान ९५ अंशांवर: थर्मल पेस्ट किती लावावी आणि कधी बदलावी

नमस्कार. मालवणहून तुम्ही विचारले आहे की, संगणकाच्या प्रोसेसरवर नवा कूलर बसवल्यावर काम सुरू करताच प्रोसेसर ९५ अंशांवर का जातो, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायचा लेप) कमी पडली असेल का आणि आपल्या दमट हवेमुळे ती दर पावसाळ्यानंतर बदलावी का. मी रत्नागिरीत बरीच वर्षे संगणक जोडून देत आलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन असते, चांगल्या पेस्टची साधारण ५ ते १२ आणि हवेची जेमतेम ०.०२६. प्रोसेसरचे झाकण आणि कूलरचा तळ कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांवर सूक्ष्म खाचा असतात. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर टेकले की त्या खाचांत हवा अडकते आणि तिला बाहेर काढून तिची जागा घेणे एवढेच पेस्टचे काम असते. धातूच्या तुलनेत पेस्ट स्वतः उष्णतेला अडथळाच करते, त्यामुळे थर पातळ हवा. एएमडीच्या एएम४ सॉकेटमधील (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) प्रोसेसरच्या चौकोनी झाकणावर मी मधोमध वाटाण्याहून किंचित लहान ठिपका ठेवतो, तर इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमधील लांबट झाकणावर लांब बाजूला समांतर अशी छोटी रेघ ओढतो. कार्डाने पसरून लावलेली पेस्टही चालते. थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येते. ती वीजवाहक नसेल तर नुकसान होत नाही.

तुमचा दोष मात्र प्रमाणाचा वाटत नाही. काही सेकंदांतच तापमान उसळते तेव्हा बहुतेक वेळा कूलर प्रोसेसरला नीट टेकलेलाच नसतो. तळावरची पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी काढायची राहिली आहे का, हे प्रथम पाहा. त्यानंतर पंखा फिरतो का ते पाहा. दाबून बसवायच्या चार खुंट्यांचा कूलर असेल तर मदरबोर्ड उलटून चारही खुंट्या मागून पूर्ण बाहेर आल्याची खात्री करा, कारण वरून चारही बसल्यासारख्या दिसतात आणि एखादी अर्धवट असते. स्क्रू असतील तर एकच स्क्रू शेवटपर्यंत न आवळता, समोरासमोरच्या कोपऱ्यांतील स्क्रू दोन-दोन वेढे देत आळीपाळीने आवळा. कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट पुन्हा वापरू नका, तिच्यात हवा शिरते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसून, पूर्ण वाळू देऊन नवी लावा.

कूलर काढताना घाई करू नये, हे मी एका ग्राहकाच्या संगणकावर शिकलो. एएम४ सॉकेटमधील प्रोसेसरला खालून पिना असतात आणि पेस्ट सुकून घट्ट झाली असेल तर कूलरला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो. तसाच तो आला आणि दोन पिना वाकल्या. शिवणाच्या सुईने त्या सरळ करताना माझा अर्धा दिवस गेला. तेव्हापासून मी संगणक दहा-पंधरा मिनिटे कामाला लावून पेस्ट मऊ करतो, मग तो बंद करून वीज काढतो आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवतो.

आता हवेविषयी. पेस्ट दोन धातूंच्या मध्ये दाबलेली असते, त्यामुळे दमट हवा तिच्यापर्यंत फारशी पोहोचत नाही. दर पावसाळ्यानंतर ती बदलणे म्हणजे विनाकारण धोका पत्करणे आहे. खाऱ्या वाऱ्याने खरे नुकसान होते ते कूलरच्या ॲल्युमिनियम पात्यांचे (पंख्याच्या नव्हे, उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ पट्ट्यांचे), त्यांवर पांढरी भुकटी धरते, आणि त्यात आपली तांबडी धूळ बसली की हवेची वाटच बुजते. म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पाती व पंखा मऊ ब्रशने साफ करा. इतरांच्या आकड्यांशी तुलना करताना खोलीचे तापमानही धरा: वातानुकूलित खोलीत २५ अंश आणि मे महिन्यात तुमच्याकडे ३३, एवढ्यानेच प्रोसेसरचा आकडा सुमारे आठ अंशांनी वर जातो. पेस्ट बदलायची ती कूलर काढावा लागला तर, किंवा पाती स्वच्छ असूनही त्याच कामाला, खोलीच्या त्याच तापमानात आकडा पूर्वीपेक्षा स्पष्टपणे वाढलेला दिसला तर.

कूलर काढल्यावर पुसण्याआधी तळावर उमटलेल्या पेस्टच्या ठशाचा फोटो येथे टाका. एका बाजूला थर जाड आणि दुसऱ्या बाजूला कोरडा असेल, तर कोणता कोपरा बसलेला नाही ते त्यावरून लगेच सांगता येईल.