इंग्लंडमधील शाळा आणि मधल्या सुट्टीचा डबा

आदरणीय ताई,

आपण रत्नागिरीहून इंग्लंडला येणार आहात. आपला चार वर्षांचा स्वमग्न मुलगा मऊ भात, कोरडी घावने आणि तळलेला बांगडा याखेरीज काही खात नाही, म्हणून शाळेत त्याच्या जेवणाचे कसे होईल, असे आपण विचारले आहे. आम्हीही वेंगुर्ल्याहून इकडे आलो आणि आमच्या मुलीची गरज साधारण अशीच होती, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

डब्यात काय द्यावे याची चिंता आपण करीत आहात, परंतु माझ्या मते खरी अडचण जेवणाच्या दालनाची असते. पुष्कळ प्राथमिक शाळांत जे दालन प्रार्थनेला आणि कसरतीला वापरतात, त्यातच दुपारी बाके मांडून मुलांना तुकड्यातुकड्यांनी जेवायला बसवतात. महाप्रसादाच्या पंगतीचा कल्लोळ चार भिंतींत कोंडावा, तसा तो आवाज असतो, आणि त्यात जेवण आटोपण्याची घाई असते. शिवाय दुपारच्या देखरेखीची सक्ती वर्गशिक्षकांवर नसते. ते काम बहुधा वेगळे कर्मचारी करतात. मुलाला सकाळभर ओळखणारी व्यक्ती नेमकी त्या वेळी जवळ नसते. डबा तसाच परत आला तर वर्गशिक्षिकेला त्याचे कारण ठाऊक नसते, ते यामुळेच.

म्हणून प्रवेश निश्चित होताच शाळेच्या ‘सेन्को’शी, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांची व्यवस्था पाहणाऱ्या शिक्षकांशी, केवळ मधल्या सुट्टीविषयी बोलण्यासाठी वेळ मागून घ्यावी. प्रत्येक सरकारी मुख्य प्रवाहातील शाळेत असे शिक्षक असतात. गर्दी होण्याआधी पाच मिनिटे दालनात जाणे, दाराजवळची ठरलेली जागा, शक्य असल्यास एखाद्या छोट्या खोलीत दोन-तीन मुलांबरोबर जेवण, आवाज रोखणारे कानावरचे आवरण, आणि ‘मदत हवी’ व ‘झाले’ अशी दोन चित्रकार्डे, एवढ्या गोष्टी लेखी मागाव्यात. अपंगत्वामुळे आवश्यक ठरणारे वाजवी बदल करणे 2010 च्या समानता कायद्यानुसार शाळेचे कर्तव्य आहे, त्यामुळे मागताना संकोच करू नये. शिक्षण, आरोग्य व काळजी यांच्या एकत्रित योजनेसाठी, म्हणजे ‘ईएचसीपी’साठी, स्थानिक प्रशासनाकडे पालक स्वतः अर्ज करू शकतात. त्या प्रक्रियेची कायदेशीर मुदत 20 आठवड्यांची आहे, प्रत्यक्षात ती पुष्कळदा लांबते. वरील साध्या सोयींसाठी मात्र त्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या व्हिसावर सरकारी आर्थिक लाभांना बंदी असेल, तरी सरकारी शाळेतील शिक्षण त्या बंदीत मोडत नाही.

सरकारी शाळांत पहिल्या तीन इयत्तांतील मुलांना, म्हणजे रिसेप्शनपासून (पहिलीच्या आधीच्या वर्गापासून) दुसरीपर्यंत, 2014 पासून दुपारचे जेवण मोफत मिळते, पण ते घेणे सक्तीचे नाही. सुरुवातीला घरचाच डबा द्यावा. शाळेत डबा सहसा गरम करून मिळत नाही, म्हणून भातासाठी रुंद तोंडाचा थर्मास घ्यावा, तो आधी उकळत्या पाण्याने तापवून घ्यावा आणि भात वाफाळताच भरावा, कारण कोमट भात तासन्‌तास राहिला तर बाधतो. दुपारी भात फार गरम राहतो का, हे एखाद्या रविवारी घरीच पाहून ठेवावे. बांगडा शाळेत देऊ नये. काटे कोणी काढून देणार नाही. अनेक शाळांत शेंगदाणे आणि काजू आणण्यास मनाई असते, तेव्हा दाण्याचे कूट आणि आपल्याकडचे काजू घरीच ठेवावेत. खोबरे आणि तीळ यांविषयी शाळेला विचारून घ्यावे.

तयारी मात्र रत्नागिरीतच सुरू करावी. इकडे आणायचाच डबा आणि चमचा आत्तापासून वापरात आणावा, झाकण त्याला स्वतः उघडू द्यावे, आणि आजीने भरवण्याची सवय हळूहळू, एकेक घास कमी करीत सोडवावी. गार घावन तो खातो का तेही पाहावे. कानावरचे आवरण आधी घरी थोडा वेळ घालून सवयीचे करावे, नाहीतर पहिल्याच दिवशी तो ते भिरकावून देईल. बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत अहवाल घेताना खाण्याच्या सवयींवर वेगळा परिच्छेद मागावा; निदानाचे नुसते नाव शाळेला पुरेसे होत नाही. ‘भूक लागली की आपोआप खाईल’ असे नातेवाईक सांगतील. अशा स्वमग्न मुलांपैकी काही खरोखरच उपाशी राहतात, हे शाळेलाही स्पष्ट सांगावे, आणि शाळा सुटताच दारातच त्याच्या हाती खाऊ द्यावा.

शेवटची एक सोय फार थोड्यांना ठाऊक असते. मूल पाच वर्षांचे झाल्यानंतरचे सत्र सुरू होईपर्यंत शाळा सक्तीची नसते, आणि तोवर प्रवेश राखूनही त्याला अर्धवेळ पाठवता येते. आपला मुलगा फेब्रुवारीतला असेल, तर त्याच्या पाचव्या वाढदिवसानंतर ईस्टरच्या सुट्टीपर्यंत तो केवळ सकाळी शाळेत जाऊन दुपारचा भात घरी खाऊ शकेल. प्रवेशाच्या अर्जासोबतच तसे शाळेला लेखी कळवावे.