पहिल्या लाकडी यंत्रशिल्पासाठी एकच हालचाल निवडावी

यंत्रशिल्प म्हणजे हँडल फिरवले की हलणारे शिल्प. पंख हलवणारा, मान वळवणारा आणि चोच उघडणारा असा लाकडी मोर पहिल्याच प्रयत्नात करण्याचा मानस आपण मला कळवला आहे. परंतु आधी एकच हालचाल निवडावी आणि ती निर्दोष जमेपर्यंत रंगाला हात लावू नये, असा माझा आग्रह आहे. टिपू सुलतानचा लाकडी वाघ हे असेच एक यंत्रशिल्प आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याचे हँडल फिरवले की वाघाखाली पडलेल्या माणसाचा एक हात वर-खाली होतो आणि भात्यातून विव्हळणे ऐकू येते, एवढ्यातच सारा प्रसंग उभा राहतो.

40 मिमी व्यासाच्या प्लायवूडच्या चकतीला केंद्रापासून 6 मिमी बाजूला भोक पाडून त्यात हँडलने फिरणारा आस (आडवी दांडी) बसवल्यास तिच्यावर टेकलेली उभी दांडी एका फेऱ्यात 12 मिमी वर जाऊन खाली येते. दांडीच्या तळाशी लहान गोल चकती बसवून ती फिरत्या चकतीवर मधोमध न टेकवता किंचित कडेला टेकवली, तर दांडी वर-खाली होतानाच स्वतःभोवतीही फिरते. मोराची मान वळवायला एवढे पुरेसे आहे.

ही यंत्रणा ज्या पेटीत बसते, तिच्यात 6 मिमीच्या दांडीला 6.5 मिमीचे भोक ठेवावे. उन्हाळ्यात घट्ट बसवलेला माझा एक आस जुलैच्या दमट हवेत फुगून जागचा हलेना, आणि पूर्ण झालेली पेटी मला पुन्हा उघडावी लागली. तेल लाकडात मुरते व धूळ धरते, म्हणून भोकात मेणबत्ती घासावी. चकती आसावर कायमची चिकटवण्यापूर्वी हँडल निदान शंभर वेळा फिरवून पाहावे.