जुनी सात सीटची गाडी घेणारा फसतोच का?

प्रश्न असा आहे: "लातूरला राहतो. घरात आई-वडील, आम्ही दोघं आणि तीन लेकरं. बजेट बारा लाखांपर्यंत. नवी अर्टिगा सीएनजी घ्यावी की जुनी इनोव्हा डिझेल? मेंटेनन्स कशाला कमी? मेव्हणे म्हणतात, जुनी घेणारा फसतोच."

मी उत्तर लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. आमच्या घरात हे वाक्य गेली सहा-सात वर्षं ऐकू येतंय, आणि ते खोटं आहे.

आमचे आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून 2017 ला रिटायर झाले. त्याआधी आमच्याकडे ओम्नी होती. इंजिन पुढच्या सीटखाली, उन्हाळ्यात ड्रायव्हरचं बूड भाजायचं, पण सरकता दरवाजा आणि खाली बसलेली फ्लोअर यामुळे आजी शेवटपर्यंत कुणाचा हात न धरता गाडीत चढायची. फंडाचे पैसे आले तेव्हा आप्पांनी ठरवलं की आता सगळ्यांना एकत्र नेता येईल अशी गाडी घ्यायची. नांदेडच्या एका डॉक्टरांची 2013 ची डिझेल अर्टिगा सापडली. एकच मालक, 61 हजार किलोमीटर.

आप्पांनी ती कशी पाहिली ते सांगतो, कारण तुम्हालाही तसंच करायला सांगणार आहे. बोनेट उघडण्याआधी ते शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि मला म्हणाले, चालव. नांदेड ते वसमत ते मागेच बसून आले. मे महिना होता. वसमतला उतरून पाय झटकले आणि म्हणाले, "गुडघे छातीला लागतात. मागं लेकरंच बसतील. तुझी आई कधीच नाही." मग परत नांदेडला जाऊन सर्व्हिसची बिलं एकेक करून पाहिली, ब्रेक पेडलचं रबर किती झिजलंय ते पाहिलं, ऑइलचं झाकण उलटं करून बोट फिरवलं. तेवढं झाल्यावरच पैशाची बोलणी. माणूस मराठी शिकवायचा, गाडीतला नव्हता, पण बघायचं कसं ते त्याला कळत होतं.

घरी आल्यावर शाळेतली उरलेली हजेरीची वही गाडीच्या कप्प्यात ठेवली. तारीख, किलोमीटर, डिझेल किती लिटर, टायरची हवा, आणि महिन्यातून एकदा 'कूलंट पाहिले'. कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत द्रव. ती वही अजून माझ्याकडे आहे.

आता दुखणं. सात सीटची गाडी दारात आली की ती एका घराची राहत नाही. भावकीतलं साखरपुडं, कुणाची सोयरीक, कुणाला दवाखान्यात न्यायचं, सगळ्यांना आपली गाडी आठवते. ओम्नी असताना कुणी मागत नव्हतं. अर्टिगा आली आणि आमचे दाजी, म्हणजे थोरल्या अक्काचे मालक, दोन वर्षांत दहा-बारा वेळा घेऊन गेले. आप्पा जावयाला नाही म्हणायचे नाहीत. डिझेल भरून आणायचे दाजी, त्याबद्दल तक्रार नाही.

पण रेडिएटरच्या, म्हणजे ते कूलंट गार करणाऱ्या पुढच्या जाळीच्या, एका पाइपाची क्लिप ढिली होती आणि तिथून थेंब-थेंब गळत होतं. दाजींच्या ते लक्षात आलं होतं. त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. दरवेळी शेतातल्या बोअरचं पाणी कॅनमध्ये घेऊन वर ओतलं. आप्पा वहीत लिहायचे 'पातळी बरोबर', आणि ती बरोबरच असायची, कारण दाजी भरून आणायचे. झाकण उघडून रंग पाहिला असता तर कूलंटचा रंग कधीच धुऊन गेलाय हे कळलं असतं. ते मी पाहायला हवं होतं. मी पाहिलं नाही.

जून 2019 मध्ये तुळजापूरला निघालो. परभणी, गंगाखेड, परळी, पुढे अंबाजोगाई. गाडी दाजी चालवत होते. परळीच्या थर्मलच्या चिमण्या मागं पडल्या, बालाघाटाचा चढ सुरू झाला आणि मधल्या सीटवरून आई म्हणाली, "वरून गरम हवा यायली." छताच्या ब्लोअरमधून खरंच गरम हवा येत होती. इंजिन जास्त तापलं की गाडी स्वतःच ए.सी.चा कॉम्प्रेसर बंद करते, ही पहिली सूचना असते. मीटरकडे पाहिलं तर टेंपरेचर वर गेलेलं. मी म्हणालो, दाजी, बाजूला घ्या. ते म्हणाले, "काय व्हायलं नाही, वर गेल्यावर थांबू." आप्पा पुढच्या सीटवर होते, तेही म्हणाले थांबवा. चार किलोमीटर तशीच चढवली. मग पिकअप गेला, वास आला आणि बोनेटखालून वाफ.

टोचन करून अंबाजोगाईला नेली. तिथल्या मिस्त्रीनं पाइप काढून मला टॉर्चच्या उजेडात आतला भाग दाखवला. घरातल्या पाणी तापवायच्या रॉडवर जमतो तसा पांढरा-पिवळट थर, नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. त्यानं विचारलं, "पाणी कुठलं टाकायलाव?" दाजी तिथंच उभे होते. काही बोलले नाहीत. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकलं होतं आणि त्याखालचं सील, हेड गॅस्केट, उडालं होतं. ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ चहासारखा फेस, म्हणजे ऑइलात पाणी गेलेलं. हेड फेसिंग, गॅस्केट, नवा रेडिएटर, वॉटर पंप, सगळं मिळून 38 हजार 500 रुपये आप्पांनी दिले.

तुम्ही लातूरचे, तुम्हाला पाण्याचं वेगळं सांगायला नको. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते तुमच्याच गावाला. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, क्षाराचं. तापलं की क्षार खाली बसतो, रेडिएटरच्या बारीक नळ्या आधी बुजतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, साधारण निम्मं-निम्मं, कंपनीच्या पुस्तकात दिलं असेल तसं. दोन रंगांची कूलंट एकात मिसळू नका. गाडीत पाच लिटरचा कॅन भरून ठेवा आणि त्यावर मार्करनं 'फक्त हेच' असं लिहा. गाडी तापली तर लगेच बाजूला घ्या, थांबायला जागा मिळेपर्यंत ए.सी. बंद आणि हीटर फुल ठेवा, त्यानं इंजिनची थोडी उष्णता निघून जाते. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, आतलं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास वाट पाहा. देवी कुठं जात नाही.

त्या दिवसापासून दाजी प्रत्येक कार्यात सांगतात की सासऱ्यांना गाडीतलं कळत नव्हतं, जुनी घेऊन फसले. आप्पा 2021 मध्ये गेले. ते असताना त्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. म्हणून इथं लिहितो: ती गाडी आज 1 लाख 84 हजार किलोमीटर चालली आहे. त्या खर्चानंतर इंजिनला हात लावावा लागला नाही. आम्ही बदलले ते टायर, बॅटरी, क्लच प्लेट आणि खालचे, सस्पेन्शनचे बुश-लिंक रॉड. ते तर आपल्या काळ्या मातीवरच्या रस्त्यांवर कुठल्याही गाडीचे जातात, पावसाळ्यानंतर रस्त्याला लाटा येतात त्यामुळं.

आता तुमच्या प्रश्नाकडं येतो. जुनी इनोव्हा म्हणजे बहुतेक 2016 च्या आधीची, 2494 सीसीची. गाडी दणकट, आई-वडिलांना मधल्या रांगेत आरामशीर. पण त्यातल्या अनेक गाड्या ट्रॅव्हल्सला चालून आलेल्या असतात आणि मीटर मागं फिरवलेलं असतं. नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जुनी हिस्ट्री काढा. त्या इंजिनला टायमिंग बेल्ट असतो, म्हणजे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा. बदलल्याचं बिल नसेल तर घेतल्या दिवशी बदला, तुटला तर इंजिन उघडावंच लागतं. आणि सालाचा हिशोब करा. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, पुढं आरटीओत तपासणी, पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर. 2012 ची घेतलीत तर ते लगेच अंगावर येईल.

अर्टिगा सीएनजीचं इंजिन 1462 सीसीचं, त्याला बेल्टऐवजी चेन आहे, रोजचा खर्च कमी. पण सिलिंडर मागं डिकीत बसतो. तिन्ही रांगा भरल्या की बॅगा कुठं ठेवणार याचा आधी विचार करा. ताकदही पेट्रोलवर 103 पीएसच्या (हॉर्सपॉवरसारखंच माप) आसपास, सीएनजीवर 88 च्या. सात माणसं आणि ए.सी. घेऊन घाट चढताना हा फरक कळतो. दर तीन वर्षांनी सिलिंडरची टेस्ट करावी लागते, ती टाळू नका. गॅसच्या रांगेत उभं राहायचं कुणी, तेही घरात ठरवून घ्या.

माझं मत विचाराल तर लातूरच्या लातूरला, शाळा-दवाखाना-बाजार असं फिरणं असेल तर नवी अर्टिगा. महिन्यातून दोनदा पुणं किंवा हैदराबाद असेल आणि तपासायला विश्वासाचा मिस्त्री असेल तर इनोव्हा. पण माझा अनुभव डिझेल अर्टिगाचा आहे आणि ती 2020 पासून नवी मिळत नाही, तेव्हा सीएनजीचं मी सांगतोय ते शेजारच्याची दोन वर्षं पाहून. किया कॅरेन्स मी चालवलेली नाही. रेनॉ ट्रायबरमध्ये एकदा बसलो, 999 सीसीचं इंजिन सात माणसांना कमी पडतं असं मला वाटलं.

काहीही घ्या, आधी स्वतः तासभर मागच्या रांगेत बसा. तुमच्या आईला गाडीत चढून-उतरून पाहायला लावा, शोरूमवाला घाई करेल, करू द्या. आणि चावी कुणाला द्यायची ते पहिल्या आठवड्यातच ठरवा. पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी पैसे घेऊन भाड्यानं देऊ नका, अपघात झाला तर विम्याचा क्लेम नाकारतात. पाहुण्याला दिलीत तर जाताना आणि येताना दोन्ही वेळा झाकण उघडून कूलंटचा रंग त्याच्यासमोर पाहा. वाईट वाटलं तर वाटू द्या.

आणि दाजी, अक्का हे तुम्हाला वाचून दाखवेल म्हणून लिहितो. 38 हजारांचा विषय आप्पांनीच त्या दिवशी अंबाजोगाईत संपवला होता, मीही काढणार नाही. चावी अजून आईच्या उशाशी असते, तुम्ही मागितली तर ती आजही देईल. पण पुढच्या वेळी आलात की पाणी तुम्ही टाकलं होतं आणि घाटात गाडी तुम्ही थांबवली नव्हती, एवढं तिला सांगा. तिला अजून वाटतं की तिच्या नवऱ्यानं खराब गाडी घेतली.