नवीन राष्ट्राध्यक्ष मोठ्या उद्योगपतींना खरंच वठणीवर आणू शकतो का?

आणू शकतो, पण वेळ तशी यावी लागते. दक्षिण कोरियाचे किम दे-जुंग बघा. डिसेंबर १९९७ ला निवडून आले तेव्हा देशाच्या तिजोरीत डॉलर जवळजवळ संपलेले, आयएमएफकडून (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) कर्ज घ्यायची वेळ आलेली, आणि ह्याला मोठं कारण म्हणजे तिथली घराणेशाही कंपन्यांची साम्राज्यं, ज्यांना चेबोल म्हणतात, त्यांनी स्वतःच्या भांडवलाच्या चार-पाच पट कर्ज उचलून ठेवलं होतं.

किमनी शपथविधीची पण वाट पाहिली नाही, जानेवारी १९९८ मध्येच चेबोलच्या मालकांना बसवून कबूल करून घेतलं की हिशेब उघड ठेवायचे, ग्रुपमधल्या एका कंपनीने दुसरीच्या कर्जाला हमी द्यायची नाही आणि कर्ज कमी करायचं. त्याच महिन्यापासून सामान्य लोक बँकांसमोर रांगा लावून लग्नाच्या अंगठ्या, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला आलेल्या छोट्या अंगठ्या देशासाठी देत होते, सुमारे ३५ लाख लोक, २०० टनांच्या वर सोनं! मला ते वाचून आजही भरून येतं.

१९९९ मध्ये देवू ही चेबोल कंपनी बुडाली तर सरकारने तो ग्रुप तुटू दिला (आपल्याकडे सिएलो, मॅटिझ गाड्या विकणारी तीच. तिची ट्रक कंपनी २००४ ला टाटा मोटर्सने घेतली). ऑगस्ट २००१ मध्ये आयएमएफचं कर्ज मुदतीआधीच फिटलं.

पण किंमत कामगारांनी मोजली. नोकरकपात सोपी करणारा कायदा आला, लाखो लोक बेकार झाले, आणि सॅमसंग, ह्युंदाईवर घराण्यांची पकड राहिलीच.